पाळवणकर बाळू : मैदानातला चेंडू आणि मैदानाबाहेरचा कप

आपल्या मंडळाच्या या सदरात आम्ही आजवर लिहिले ते बहुतेक लेखक, गायक, नाटककार आणि समाजसुधारक यांच्यावर. खेळाडूंची आठवण क्वचितच निघाली. या वेळी एका क्रिकेटपटूवर लिहीत आहोत. त्यांचा जन्म आपल्या शेजारच्या धारवाडचा, १८७६ च्या सुमाराचा. कर्तृत्व पुण्या-मुंबईचे. नाव पाळवणकर बाळू. त्या काळच्या धावफलकांवर ते 'पी. बाळू' असे येई.

हे नाव आज घरातल्या मुलांना विचारले तर फारसे कुणाला सांगता येणार नाही. आपल्या पिढीतल्या अनेकांनाही येणार नाही. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हिंदुस्थानी क्रिकेटमधले सर्वांत मोठे नाव कोणते, या प्रश्नाला हेच उत्तर मिळाले असते. इंग्रज वर्तमानपत्रे त्यांची तुलना इंग्लंडच्या विल्फ्रेड ऱ्होड्सशी करीत. मैदानावर हजारो लोक त्यांच्या नावाने ओरडत. त्याच दिवशी, त्याच मैदानाच्या कडेला, चहाच्या सुट्टीत हा माणूस एकटा उभा असे आणि त्याच्या हातात मातीचे भांडे असे. संघातले बाकीचे आत मंडपात बसून चिनी मातीच्या कपबशीतून चहा पीत.

बाळूंच्या आयुष्याची ही दोन चित्रे एकत्र ठेवूनच पाहावी लागतात. एकट्या पहिल्या चित्रावर लिहिले तर गौरवलेख होईल, एकट्या दुसऱ्यावर लिहिले तर करुणकथा होईल. बाळू या दोन्हींत मावत नाहीत.

तीन रुपयांची नोकरी

बाळूंचे घराणे मूळचे कोकणातले, आडनाव गावावरून पडलेले. जात चर्मकार, म्हणजे त्या वेळच्या भाषेत अस्पृश्य. वडील लष्कराच्या नोकरीत होते, त्यामुळे कुटुंब पुण्याला आले. लष्करी छावणीत गोऱ्या अधिकाऱ्यांचे क्रिकेट चाले. त्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडूंवर बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम खेळ शिकले. शाळा लवकर सुटली. घराला हातभार लावणे गरजेचे होते.

पहिली नोकरी मिळाली ती पुण्यातल्या पारशांच्या एका क्रिकेट क्लबात. काम खेळपट्टी झाडण्याचे आणि लाटण्याचे, पगार महिना तीन रुपये. तिथून ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. पगार एका रुपयाने वाढला. रोलर ओढणे, जाळी बांधणे, खेळपट्टीवर खुणा आखणे ही कामे होतीच. मधून मधून साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचा. या मधल्या कामातच एका गोऱ्या खेळाडूच्या लक्षात आले की या पोराच्या डाव्या हातात काहीतरी वेगळे आहे.

मग जे. जी. ग्रेग यांनी बाळूंना ताब्यात घेतले. ग्रेग हे त्या काळचे हिंदुस्थानातले सर्वांत नावाजलेले इंग्रज फलंदाज. सर्वांच्या आधी मैदानावर यायचे आणि बाळूंच्या गोलंदाजीवर तासन् तास सराव करायचा, असा त्यांचा शिरस्ता. ग्रेगना बाद केले की आठ आणे मिळत, असे सांगितले जाई. खरे-खोटे काही असो, या सरावातून दोघांचाही खेळ घडला. मात्र फरक होता. पूना क्लबातल्या सगळ्या वर्षांत बाळूंनी शेकडो तास गोलंदाजी केली, पण हातात बॅट कधी मिळाली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान होता आणि चेंडू टाकणे हे नोकराचे काम होते.

चालतो, पण कुठपर्यंत?

त्या वेळी पुण्यात हिंदूंचाही क्रिकेट क्लब होता आणि त्याला साहेबांच्या क्लबाला हरवायचे होते. बाळूंना घेतले तर ते शक्य होते, पण बाळू अस्पृश्य होते. क्लबात वाद झाला. काही सभासदांचा ठाम विरोध होता, काहींचा आग्रह होता. ग्रेग यांनी उघडपणे मत दिले की केवळ जातीमुळे असा गोलंदाज बाहेर ठेवणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल. हे त्यांनी सामाजिक सुधारणेच्या कळवळ्याने म्हटले नसावे. त्यांना चांगल्या गोलंदाजासमोर खेळायचे होते. पण त्याचा परिणाम झाला आणि बाळू संघात आले.

आले, पण अटींवर. मैदानात बाळूंनी टाकलेला चेंडू बाकीचे खेळाडू झेलत, उचलत, परत फेकत. त्याला हरकत नव्हती. मैदानाबाहेर मात्र शिवाशिव सुरू. चहा बाहेर, मातीच्या भांड्यात, जे नंतर फोडून टाकता येईल. जेवण वेगळ्या जागी, वेगळ्या ताटात. तोंड धुवायला पाणी हवे असेल तर ते दुसऱ्या अस्पृश्य नोकरानेच आणून द्यायचे.

आम्हाला या तपशिलात सर्वांत जास्त खटकते ती त्यातली व्यवहारी सोय. धर्माच्या नावाने चाललेला विटाळ सामना जिंकायचा असेल तेवढ्या वेळापुरता बाजूला ठेवता येत होता. म्हणजे तो नियम मोडता येण्यासारखा होता, हे नियम पाळणाऱ्यांनाही ठाऊक होते. तो कुठे मोडायचा आणि कुठे पाळायचा, हे तेच ठरवीत.

साताऱ्याच्या युरोपियन संघाला पुण्याच्या हिंदूंनी बाळूंच्या गोलंदाजीवर हरवले, तेव्हा पुण्यात मोठे कौतुक झाले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक या दोघांनीही वेगवेगळ्या प्रसंगी बाळूंचा जाहीर सन्मान केल्याचे सांगितले जाते. इतर प्रश्नांवर एकमेकांच्या विरुद्ध उभे असलेले हे दोन पुढारी. रानड्यांनी पुढचा प्रश्नही उपस्थित केला. ज्याच्याबरोबर खेळता, त्याच्याबरोबर जेवायला काय हरकत आहे, असा त्याचा आशय होता.

मुंबई आणि १९०६

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाळू मुंबईला आले. तिथे हिंदू जिमखान्यात पुन्हा तोच वाद झाला, पुन्हा काहींनी नाके मुरडली, पुन्हा शेवटी गोलंदाजी वरचढ ठरली. पुढे मुंबई, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली आणि रेल्वेच्या संघाकडूनही ते खेळले. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे धाकटे भाऊही एकामागून एक पुढे आले. चौघेही भाऊ हिंदू संघाकडून खेळले. बाळू गोलंदाज, तर शिवराम आणि विठ्ठल प्रामुख्याने फलंदाज.

बाळूंची गोलंदाजी डावखुरी, संथ फिरकीची. धाव आखूड आणि सोपी, दिवसभर टाकली तरी न दमवणारी. ते चेंडू दोन्ही बाजूंना वळवीत, उंची आणि वेग सहज बदलीत आणि टप्पा सुटू देत नसत. पुढे प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत त्यांनी १७९ बळी घेतले, तेही प्रत्येकी सुमारे पंधरा धावांत. हे आकडे आजच्या मापानेही थक्क करणारे आहेत. शिवाय प्रथम दर्जाचे हे सामने सुरू झाले तेव्हा त्यांचे वय तिशीच्या आसपास होते. उमेदीची वर्षे रोलर ओढण्यात गेली होती.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू आणि युरोपियन यांचा सामना झाला. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ आणि दुसऱ्यात १६० धावा केल्या. युरोपियनांना १९१ आणि १०२ मध्ये गुंडाळून १०९ धावांनी सामना जिंकला. बाळूंनी आठ बळी घेतले. वंगभंगाच्या चळवळीचे दिवस होते. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवल्याचा आनंद साहजिकच मैदानाबाहेर पसरला. पुढच्या वर्षी हिंदू पुन्हा जिंकले. सुधारक वर्तमानपत्रांनी या विजयाचा दुसरा अर्थही दाखवला. पाळवणकर भावांना आता संघातल्या इतरांच्या पंगतीत बसू दिले जात होते. मातीच्या भांड्यापासून पंगतीपर्यंत यायला सुमारे दहा वर्षे आणि कित्येक बळी लागले होते.

इंग्लंडचा दौरा

१९११ साली पहिला सर्व-हिंदुस्थानी संघ इंग्लंडला गेला. संघात पारशी, हिंदू आणि मुसलमान खेळाडू होते, कर्णधार पतियाळाचे तरुण महाराजा भूपिंदरसिंग. पंचम जॉर्जच्या राज्याभिषेकाचे ते वर्ष. महाराजांचे लक्ष लंडनच्या मेजवान्यांकडे अधिक होते, ते मोजकेच सामने खेळले. संघाने २३ सामन्यांपैकी बहुतेक गमावले. या पडझडीत एक माणूस उठून दिसला. पस्तिशीतल्या, खांद्याच्या दुखण्याने बेजार असलेल्या बाळूंनी दौऱ्यात ११४ बळी घेतले, त्यांपैकी ७५ प्रथम दर्जाच्या सामन्यांत. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात आठ, तर लीस्टरशायरविरुद्धच्या विजयात अकरा. शिवरामनेही फलंदाजीत मोलाचा वाटा उचलला.

परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या समारंभात त्या वेळी विद्यार्थी असलेल्या भीमराव आंबेडकरांचाही सहभाग होता. त्या पिढीच्या दलित मुलांसाठी बाळू हे पहिले असे नाव होते की जे सवर्णांच्या तोंडीही आदराने येई. पुढच्या गोष्टीसाठी हे लक्षात ठेवायला हवे.

कर्णधारपद

इंग्लंडहून आल्यानंतर बाळू हे हिंदू संघातले सर्वांत अनुभवी आणि सर्वांत यशस्वी खेळाडू होते. कर्णधारपद मात्र दरवर्षी दुसऱ्याकडे जाई. एम. डी. पै यांनी कर्णधार झाल्यावर एका सत्काराच्या उत्तरात मोकळेपणाने सांगितले की हा मान खरे तर बाळूंचा होता. एवढे स्पष्ट बोलणारा कर्णधार मिळाला, तरी निवड करणारे बदलले नाहीत.

१९२० साली गोष्ट टोकाला गेली. बाळूंना संघातूनच वगळले. पै आजारी पडल्यावर नेतृत्व विठ्ठलला डावलून दुसऱ्याकडे दिले. त्यावर विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले आणि त्याचे कारण जाहीर निवेदनात सांगितले. खेळात गुण पाहावा, जात पाहू नये, हे त्याचे सार. त्याच वर्षी अस्पृश्यता निवारणाचा प्रश्न काँग्रेसच्या व्यासपीठावर येत होता, त्यामुळे या निवेदनाला क्रिकेटच्या पलीकडचे वजन आले. निवड समितीला माघार घ्यावी लागली. अंतिम सामन्यासाठी बाळूंना परत बोलावून उपकर्णधार केले. पै सामन्यात काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ हिंदू संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. वय चव्वेचाळीसच्या आसपास. त्यांच्या वाट्याला आलेले नेतृत्व एवढेच.

तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल हिंदू संघाचा कर्णधार झाला. अंतिम सामन्यात युरोपियनांना हरवल्यावर त्याला प्रेक्षकांनी खांद्यावर उचलून घेतले. ज्या दारावर थोरल्या भावाने वर्षानुवर्षे धडका दिल्या, ते धाकट्यासाठी उघडले. विठ्ठलने १९४८ साली 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. लेखणी चालवली ती धाकट्याने. थोरल्याची गोष्ट आपल्यापर्यंत येते ती बहुतांशी इतरांच्या तोंडून.

राजकारणातले बाळू

इथपर्यंतची गोष्ट सांगायला सोपी आहे. पुढची सोपी नाही, आणि बाळू विस्मरणात जाण्याचे एक कारण बहुधा त्यातच असावे.

१९३२ साली स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर बाळू डॉ. आंबेडकरांच्या बाजूला नव्हते. एम. सी. राजा यांच्याप्रमाणे त्यांचाही कल संयुक्त मतदारसंघाकडे आणि गांधीजींकडे होता. येरवड्यातल्या उपोषणानंतर २४ सप्टेंबरला झालेल्या पुणे करारावर सह्या करणाऱ्यांत बाळूही होते. नंतर ते हिंदू महासभेच्या वतीने मुंबई महापालिकेच्या निवडणुकीला उभे राहिले आणि हरले. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत थेट डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध उभे केले. एकेकाळी ज्यांच्या सत्काराला तरुण आंबेडकर होते, ते बाळू आता त्यांच्यासमोर उमेदवार होते. आंबेडकर सुमारे दोन हजार मतांनी निवडून आले.

ही लढत वाचताना आज आपण चटकन बाजू घेतो. बाळू भाबडे होते, वापरले गेले, असे कुणी म्हणेल. कुणी म्हणेल की ते शांतपणे आतून बदल घडवू पाहत होते. आम्हाला वाटते, त्यांच्या आयुष्याकडे पाहिले तर त्यांचा कल समजू शकतो, पटला नाही तरी. त्यांना जे मिळाले ते सवर्णांबरोबर एका संघात खेळून मिळाले. अपमान सोसला, पण दहा वर्षांत भांडे जाऊन पंगत आली, हे त्यांनी स्वतः पाहिले होते. आंबेडकरांचा अनुभव वेगळा होता. एका असामान्य गोलंदाजासाठी जे दार किलकिले होते, ते लाखो सामान्य माणसांसाठी बंदच राहते, हे त्यांनी ओळखले होते. बाळूंना मिळालेली वागणूक त्यांच्या डाव्या हाताची किंमत होती. ज्याच्या हातात ती फिरकी नाही त्याने काय करायचे, या प्रश्नाला बाळूंच्या राजकारणात उत्तर नव्हते, असे आम्हाला प्रामाणिकपणे वाटते.

पण म्हणून त्यांना पुसून टाकणे योग्य नाही. स्वातंत्र्यानंतर क्रिकेटच्या इतिहासाची सुरुवात बहुधा १९३२ च्या पहिल्या कसोटीपासून होऊ लागली. तेव्हा बाळू पन्नाशी ओलांडून गेले होते, त्यामुळे कसोटीपटूंच्या यादीत त्यांचे नाव नाही. काँग्रेसला ते निवडणुकीत हरलेले उमेदवार म्हणून आठवले. आंबेडकरी चळवळीला ते विरोधक म्हणून आठवले. जुलै १९५५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. अलीकडच्या वर्षांत अभ्यासकांनी जुनी वर्तमानपत्रे चाळून त्यांची कथा पुन्हा पुढे आणली आणि नव्या पिढीच्या कानावर हे नाव पडू लागले, ही समाधानाची गोष्ट.

आपल्यापुरते

हा लेख लिहिण्याआधी आम्ही मंडळाच्या बैठकीत बाळूंची गोष्ट सांगितली. क्रिकेटवर छान चर्चा झाली. मग एका ज्येष्ठ सभासद बाईंनी विचारले की आपल्यापैकी किती जणांच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींचा चहाचा कप वेगळा ठेवलेला असतो? खोली शांत झाली. कुणी म्हणाले, आता तसे काही राहिले नाही. कुणी म्हणाले, तो कप फक्त सोयीसाठी वेगळा असतो. काही जण नुसते गप्प बसले आणि आमच्यातलेही काही त्या गप्प बसलेल्यांत होते.

पुण्याच्या त्या क्लबातल्या सभासदांनाही बहुधा ती सोयच वाटली असेल. ते दुष्ट नव्हते. त्यांना बाळूंच्या गोलंदाजीचा अभिमान होता, ते सामना जिंकल्यावर टाळ्या वाजवीत. माणसाचे जाहीर कौतुक करणे आणि त्याला आपल्या कपातून चहा देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्या ध्यानातही आले नसेल. रानड्यांच्या ध्यानात आले, म्हणून तो प्रश्न आजवर टिकला.

धारवाडला कुणी नातेवाइकांकडे गेले तर तिथल्या मुलांना जरूर सांगावे की हिंदुस्थानचा पहिला मोठा फिरकी गोलंदाज तुमच्या गावात जन्मला. इंग्लंडच्या दौऱ्यातले ११४ बळी सांगावेत, १९०६ चा विजय सांगावा. आणि मातीच्या भांड्याची गोष्टही त्याच बैठकीत सांगावी. नंतर सांगू म्हणून ठेवलेली गोष्ट राहून जाते. बाळूंच्या बाबतीत ती शंभर वर्षे राहून गेली.